डाव्या गुडघ्याची पट्टी

रिसोड,
१७ नोव्हेंबर

प्रिय साक्षी,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मी हल्ली फोन उचलत नाही म्हणून तू हाताने लिहून पाठवलंस, आणि फोनवर तीनदा विचारलं होतंस तेच पुन्हा विचारलंस. दादांचा डबा कुठे आहे? पहिल्या वेळी मी सांगितलं की तो ह्यांच्या दुकानात कुलुपात आहे. दुसऱ्या वेळी सांगितलं की सासूबाई हात लावू देत नाहीत. तिसऱ्या वेळी म्हटलं, बिघडला आहे, वाशिमला दुरुस्तीला दिला आहे. तिन्ही उत्तरं खोटी होती. डबा माझ्या कपाटात साड्यांखाली आहे आणि चांगला चालतो. ४ डिसेंबरला तुझ्या नरेंद्रदादांना जाऊन वर्ष होईल. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्या डब्यात राहिलेलं त्यांचं शेवटचं गाणं विहारात सगळ्यांना ऐकवावं, मग तू डबा पुण्याला न्यावास आणि त्यावरून तसेच आणखी वीस डबे करावेत, असं तू लिहिलं आहेस. बसून गाणाऱ्या वीस माणसांसाठी. उत्तर द्यायलाच हवं. एका ओळीत देता येत नाही, म्हणून रविवार बघून लिहायला बसले आहे.

मी फार बोलणारी बाई नाही, हे तुला माहीत आहे. अंगणवाडीत पोरांशी बोलते तेवढंच. पण गाण्याच्या मागे बसायला मला कधी भीती वाटली नाही. लग्न झालं तेव्हा ह्यांची गायन पार्टी होती. हे पेटीवर, बादल ढोलकीवर आणि मागे दोघे झील धरायला. जयंतीचे कार्यक्रम, नामकरणं, लग्नं, सगळीकडे बाबासाहेबांची आणि बुद्धाची गाणी म्हणत फिरायचे. आमच्या लग्नाला दोन महिने झाले असतील, झीलवाल्यांपैकी एक जण ऐन वेळी आला नाही आणि ह्यांनी मला मागे बसवलं. गाणारा ओळ टाकतो, झीलवाल्याने ती उचलून परत द्यायची, एवढंच काम. झीलवाल्याकडे कोणी बघत नाही. मला ते फार बरं वाटलं. मग अठरा वर्षं मीच मागे बसले. ओळ संपायच्या जरा आधीच मी झील उचलते, ही माझी सवय. सुरुवातीला हे रागावायचे, मग म्हणायला लागले की तू आधी उचलत नसशील तर मले दम घ्यायले जागाच नाही.

पार्टी कशी मोडली ते तू ऐकलंच असशील. बादल चाकणला कंपनीत लागला, मागचे दोघे आपापल्या पोटामागे गेले. त्याच वर्षी सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यांना एकटं सोडून मला कार्यक्रमाला जाता येईना. एप्रिल तोंडावर आला होता. ह्यांनी अकोल्याच्या एका गिटार वाजवणाऱ्या मुलाकडून तो डबा आणला. लूपर म्हणतात हे मला नंतर तुझ्याकडून कळलं, आम्ही डबाच म्हणायचो. पायाने एकदा दाबला की तो ऐकू लागतो, पुन्हा दाबला की जे ऐकलं तेच गोल गोल म्हणत राहतो. त्यावर दुसरं काही म्हटलं की तेही त्याच्यावर बसतं, मग तिसरं. असे थर चढत जातात. ह्यांनी पेटीच्या लाकडावर बोटांनी ढोलकीचा ठेका धरला, त्यावर पेटी वाजवली, त्यावर स्वतःच्याच आवाजात झील म्हटली, आणि माझ्याकडे बघून हसले. एकटा माणूस, पूर्ण पार्टी. मी छान आहे म्हटलं आणि आत जाऊन कणीक मळत बसले. संसारात दुसरी बाई आली तर तिच्याशी भांडता येतं. डब्याशी कसं भांडणार?

म्हणून जऊळक्याला जे झालं ते मला आवडलं होतं. आज लिहून टाकते. विहाराचं उद्घाटन होतं, भर दुपारी, मांडवात. सासूबाईंजवळ शेजारच्या दुर्गाबाई बसल्या म्हणून मीही आले होते, पण बायकांमध्ये बसले होते. हे गादीवर मांडी घालून, पुढे पेटी, पेटीच्या बाजूला डबा. कधी दाबायचं ते दाखवणारा त्याचा दिवा उन्हात दिसेना. दाबायला हात सोडला की पेटीचा भाता थांबायचा, नाही सोडला तर वेळ चुकायची. एकदा उशिरा दाबलं गेलं आणि तेवढ्यात समितीच्या माणसाने माइकवर सांगितलं, भाजी संपली, वरण घ्या. डब्याने तेवढंच नेमकं धरलं. मग पूर्ण गाणंभर, बाबासाहेबांच्या संघर्षाच्या ओळींच्या खाली, भाजी संपली वरण घ्या, भाजी संपली वरण घ्या. लोक हसून हसून लोळले. हेही हसले. घरी येऊन मात्र जेवले नाहीत.

तू त्या मांडवात होतीस, मावशीबरोबर आली होतीस. गाणं संपल्यावर तू पुढे येऊन ह्यांना म्हणालीस, “दादा, चूक तुमची नाही, डब्याची आहे. हा उभं राहून वाजवणाऱ्यासाठी केलेला आहे. तुम्ही बसता.” मी पाठीमागे उभी होते. अठरा वर्षांत कितीदा ह्यांची ओळ चुकली, सूर गेला, मी दर वेळी जाऊ द्या म्हणायची. चूक तुमची नाही, असं मला एकदाही सुचलं नव्हतं. ह्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला. तेव्हापासून तू मला खुपायला लागलीस.

मग तुझे रविवार सुरू झाले. तेव्हाची तुझी तंत्रनिकेतनाच्या लॅबमधली नोकरी, आणि रविवारी मंगरूळपीरहून दोन बस बदलून आमच्याकडे. पहिल्याच रविवारी तू टेप मागितलीस. माझ्या शिलाईच्या डब्यातली टेप मीच आणून दिली. तू ह्यांना गाताना बसतात तसं बसायला लावलंस आणि गादीपासून गुडघा किती वर राहतो ते मोजलंस. हात गुंतले होते म्हणून मलाच म्हणालीस, वैनी, लिहून घ्या ना. मी पोरांच्या वजनाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. उजवा साडेपाच इंच, डावा सहा. इतकी वर्षं ह्यांच्या बाजूला बसून जेवले, निजले, ह्यांचा डावा गुडघा अर्धा इंच वर राहतो हे मला माहीत नव्हतं. ते पान अजून आहे.

तू काय काय केलंस ते दाराशी बसून मी सगळं पाहिलं. पायाच्या बटणाऐवजी दोन्ही गुडघ्यांशी दोन पट्ट्या केल्यास, जुन्या चपलेचं रबर कापून, म्हणजे आवाज होऊ नये. दिव्याऐवजी मोबाईलमधली ती थरथरणारी चकती काढून गादीत शिवलीस, मांडीखाली येईल अशी. दर समेला ती मांडीला हलकं सांगायची, बघायची गरज नाही. जरा लवकर किंवा उशिरा दाबलं तरी डबा सम येईपर्यंत थांबेल असं केलंस. उजव्या पट्टीने धरायचं आणि वाजवायचं. डावी नुसती दाबली की थांबायचं. डावी दाबून धरली आणि एक थरथर आली की सोडायची, म्हणजे फक्त वरचा थर जातो. तशीच धरून ठेवली आणि दुसरी थरथर आली की सगळं पुसलं जातं. हे म्हणाले, एकाच पट्टीवर इतकी कामं? तर तू हसलीस, काय करू दादा, माणसाले गुडघे दोनच हायेत.

तेव्हा ह्यांच्या बोलण्यात दिवसभर तू. साक्षी म्हणते रबर अजून पातळ पाहिजे. साक्षी म्हणते सम अर्धा क्षण उशिरा पडते. मोटार वायंडिंगच्या दुकानात तारा गुंडाळतानाही म्हणे मांडीवर ठेका धरून बसायचे. तुझ्या वागण्यात कधी काही वावगं नव्हतं. ते मी तेव्हाही जाणत होते. वावगं असतं तर निदान बोलता आलं असतं. सासूबाई पलंगावरून सगळं बघायच्या. एकदा तू गेल्यावर मला म्हणाल्या, “काहून उंबऱ्यात बसून राहतं वं तू? कोणी तुले आत नको म्हटलं का?” मी म्हटलं, चुलीवर वरण होतं. चुलीवर काही नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास ह्यांनी मला विचारलं. सगळे थर बसतात पण झील बसत नाही म्हणाले, स्वतःचीच ओळ स्वतःच उचलली की ती उचलल्यासारखी वाटत नाही. तुझी झील डब्यात भरून घेऊ, तू घरी राहिली तरी माझ्यामागं बसल्यासारखी होशील. किती साधं विचारलं होतं. मी म्हटलं, “मले नाही जायचं त्या डब्यात. तिलेच सांगा गायले.” ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेटीचा भाता बंद करून खिटी लावली आणि दुकानात गेले. पुन्हा विचारलं नाही. पंधरा दिवसांनी मंगरूळपीरला मोठा कार्यक्रम झाला, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी मोबाईलवर पाहिलं. तू वायर सांभाळायला ह्यांच्या मागे उजवीकडे बसली होतीस. मी बसायचे तिथेच.

त्यानंतर महिनाही गेला नाही. सकाळी चहा घेऊन दुकानात गेले, दहा वाजता शेजारच्या दुकानदाराने जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, मी पोचेपर्यंत संपलं होतं. हे तुला माहीत आहे, तू आली होतीस. तू रडलीस आणि मी तुझ्याकडे पाठ करून बसले. लोकांना वाटलं, बाई सुन्न झाली आहे.

सहाव्या दिवशी पाहुणे गेले. दुपारी सासूबाई झोपल्या होत्या. मी डबा काढला. इतक्यांदा दाराशी बसून पाहिलं होतं की कुठली वायर कुठे जाते ते पाठ होतं. गादी कोपऱ्यात गुंडाळून ठेवली होती, ती उलगडायचा धीर झाला नाही, म्हणून तिची वायर जोडली नाही. नुसतं ऐकायचं तर होतं. टेबलावर डबा ठेवला आणि उजवी पट्टी हाताने दाबली. आधी पेटीच्या लाकडावरचा ठेका आला. मग पेटी. मग ह्यांचा आवाज. नवं गाणं होतं, त्यांनीच बांधलेलं. “माझ्या दारी लावला ज्यानं दिवा, वारा त्याले विझवीना.” आणि ओळ संपायच्या जरा आधी एका बाईचा आवाज, विझवीना, विझवीना. कोवळा, लांबून आल्यासारखा, जसा कोणी लाजत भिंतीपलीकडे बसून म्हणावा. शेवटी काहीतरी खणकलं. मला ती बांगडी वाटली.

मला वाटलं, ह्यांनी खरंच तुला सांगितलं. मीच सांगा म्हटलं होतं. तीन वेळा फिरून फिरून ते माझ्या कानावर आलं. तिन्ही वेळा तो आवाज ओळ जरा आधी उचलत होता, आणि मला वाटलं की तेवढी माझी एक सवय होती, तीसुद्धा ह्यांनी तुला शिकवली. साक्षी, सहा दिवसांपूर्वी नवरा गेलेल्या बाईला एवढा राग येतो हे मला माहीत नव्हतं. मी डावी पट्टी दाबून धरली. फक्त तुझा थर काढायचा होता. मला पक्कं माहीत होतं, पहिली थरथर आली की सोडायचं. मी धरून राहिले आणि थरथर येईना. येणार कशी, ती गादीत होती आणि गादी कोपऱ्यात. हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं अजून पुरेसं धरलं नाही, म्हणून आणखी जोर देऊन धरलं. मग सोडलं. उजवी दाबली. काही नाही. पुन्हा दाबली, तर डब्यातून कोणाचा तरी श्वास यायला लागला, गोल गोल, एकसारखा. तो माझाच होता. डबा खोलीतलं धरायला लागला होता.

अकरा महिने मी कोणाला सांगितलं नाही. दोष तुझा ठरवला. तू ह्यांच्या मागच्या माझ्या जागेवर बसलीस, तू त्या डब्यात शिरलीस, आणि पट्टीही तूच तशी केलीस. तुझा फोन वाजला की बहुतेक वेळा मी तो उलटा करून ठेवायचे. सासूबाई दर रविवारी म्हणायच्या, नरेंद्राचा आवाज लाव ना वं, आणि मी म्हणायचे वायर तुटली आहे. तुझ्याबद्दल मनात इतकं वाईट होतं की त्याखाली हे खोटं बोलणं मला जडच गेलं नाही.

आणि मंगळवारी तुझं पत्र आलं. त्याच्या तिसऱ्या पानावर तू लिहिलं आहेस की ह्यांनी जायच्या आदल्या दिवशी तुला फोन केला होता. त्यांचे शब्द तू तसेच उतरवले आहेस. “आज तिची झील भेटली. भाकरी करून राह्यली होती. मी एकच ओळ आठ-दहा खेपा म्हटली, तर वैतागून तिनं आतूनच उचलली आन् मी गुडघा दाबला. तिले सांगू नको. पुनवेले विहारात ऐकवतो.” खाली तू लिहिलंस की वैनी, तो आवाज मीही ऐकलेला नाही, म्हणूनही मला डबा हवा आहे, आणि त्याची दुसरी प्रत नाही, डब्यातून गाणं बाहेर काढायची सोय मी केलीच नव्हती.

मी ते चुलीपाशी उभ्याने वाचलं. ती सकाळ मला आठवली. खरंच वैताग आला होता, एक ओळ किती वेळा म्हणावी माणसाने. हात पिठात होते, तोंडाने झील गेली ते मला कळलंही नाही. शेवटी मी उलथनं तव्यावर आपटून म्हटलं होतं, बस करा आता, भाकर करपून राह्यली. खणकलं ते उलथनं. मोबाईलवर माझं बोलणं मी ऐकलं आहे, पण गाणं कधी नाही. कार्यक्रमाच्या व्हिडिओत माझा आवाज ह्यांच्या आवाजाखाली असायचा. आणि दोन वर्षं मी गायलेच नव्हते. इतका कोवळा आवाज माझा असेल असं मला का वाटावं?

काल सासूबाईंना सगळं सांगितलं. संध्याकाळी त्या भिंतीला धरून उठल्या आणि स्वतःची भाकर स्वतः थापून घेतली.

तर साक्षी, डब्यात काही नाही. कार्यक्रमात ऐकवायला तू काही मागू नकोस, तिथे वंदना होईल आणि लोक बोलतील. तू ये मात्र, आणि डबा घेऊन जा. तुझ्याबद्दल माझं मन अजून स्वच्छ झालेलं नाही, ते खोटं लिहिणार नाही. माझी झील सापडली हे ह्यांनी माझ्याआधी तुला सांगितलं. तेवढं मला अजून सलतं, आणि सलत राहील असं दिसतं. पण हे पत्र मी माफीसाठी लिहिलेलं नाही. तू आता वीस डबे करणार आहेस, ते वीस घरांत जातील, आणि तो डबा ज्याच्या मापाचा आहे त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाचा हात कधी ना कधी त्यावर पडेलच. तो टेबलावर ठेवून हाताने दाबेल, थरथरीची वाट बघेल आणि ती त्याला कळणार नाही. म्हणून आधी गाणं बाहेर काढून ठेवायची सोय कर. वरचा थर काढायला डावा गुडघा राहू दे. पण सगळं पुसायचं त्या पट्टीवर ठेवू नकोस, जास्त वेळ धरण्यावर तर मुळीच नाही, रागात माणूस कितीही वेळ धरून बसतो. ते बटण डब्याच्या मागे, खाली, कुठेतरी अशा जागी कर की पुसायचं असेल तर माणसाला गादीवरून उठून उभं राहावं लागेल.

तुझीच,
रत्नमाला